अकरा एकरांचं गणित

टेक्सासात गावाकडे जमीन घेऊन राहायचं ठरवलेला आपला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो एकराच्या भावाचा. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी पाणी, मग माती, मग कायद्यातले काही आकडे, आणि हे सगळं जमत असेल तर भाव. या क्रमाने गेलं की नोकरदार कुटुंबाला झेपणारं माप दहा एकरांच्या जरासं वर निघतं. पाच नाही, पन्नास तर नाहीच. अकरा धरून चला.

हा विषय इथल्या मराठी मंडळात हल्ली फार निघतो. घरून काम करायची मुभा आली, ऑस्टिनमधल्या घरांचे भाव हाताबाहेर गेले, आणि मुलांनी जरा मातीत खेळावं ही हौस तर आपल्यात मुरलेलीच आहे. काहींचं मन अजून कोकणातल्या वाडीकडे ओढ घेतं. त्यांना एवढंच सांगायचं, की भारताच्या फेमा या परकीय चलन कायद्याप्रमाणे एनआरआय आणि ओसीआय मंडळींना भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलं तर गोष्ट वेगळी. शिवाय वर्षातून पंधरा दिवस जाऊन कुलूप उघडायचं, जाळ्या काढायच्या आणि परत यायचं, याला गावाकडे राहणं म्हणत नाहीत. जिथे नोकरी आणि मुलांची शाळा आहे, तिथूनच तास-सव्वा तासाच्या टप्प्यात जमीन बघावी. आपल्या ऑस्टिनकरांसाठी तो टप्पा म्हणजे बॅस्ट्रॉप, कॉल्डवेल, ली, मायलम या काउंट्या. बाकी राज्याबद्दल मी बोलत नाही.

भावाचं गारूड कसं चालतं ते पाहा. टेक्सासच्या ग्रामीण जमिनीची राज्याची सरासरी गेली काही वर्षं एकरी साडेचार-पाच हजार डॉलरांच्या आसपास आहे. हा आकडा ऐकला की कुणीतरी लगेच हिशोब मांडतो: एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि मुळशीत एवढ्या पैशात एक गुंठा मिळेना! पण त्या सरासरीत पार पश्चिमेकडची हजारो एकरांची कोरडी रानंही धरलेली असतात. जमीन शहराला जितकी जवळ आणि तुकडा जितका लहान, तितका एकरी भाव चढत जातो, तिप्पट-चौपटही होतो. टेलर गावात सॅमसंगचा कारखाना येणार हे २०२१ च्या शेवटी जाहीर झालं तेव्हापासून त्या बाजूचा विक्रेता तर भाव सांगताना खाली बघतच नाही. मग आपला माणूस एकरी भाव कमी दिसावा म्हणून लांबचा, मोठा तुकडा शोधायला लागतो, तोही फोनवरच्या फोटोंवरून. म्हैस पाण्यात आणि मोल बाहेर!

त्या फोटोत पाणी दिसत नाही. तळं दिसतं, पण ते गुरांसाठी. घरासाठी पाणी मुख्यतः दोन मार्गांनी येतं. एक, रस्त्याकडेने ग्रामीण पाणीपुरवठा संस्थेची लाइन गेलेली असते आणि नवं मीटर द्यायची तिची तयारी असते. ती लेखी मिळाली तर त्या तुकड्याला चार पैसे जास्त द्यावेत. दुसरा मार्ग बोअरचा. इथे टेक्सासचा कायदा समजून घ्यायला हवा. डेनिसन गावात एका रेल्वे कंपनीने विहीर खोदून रोज २५ हजार गॅलन पाणी उपसायला सुरुवात केली आणि शेजारच्या ईस्ट नावाच्या गृहस्थांची ३३ फुटांची घरगुती विहीर आटली. ईस्ट कोर्टात गेले. १९०४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल रेल्वेच्या बाजूने दिला: आपल्या जमिनीखालचं पाणी ज्याला उपसता येईल त्याने उपसावं. पुढे भूजल जिल्हे स्थापन झाले, परवाने आले, तरी कायद्याचा पाया तोच राहिला.

ही जुनी गोष्ट सांगायचं कारण आपल्या टप्प्याला लागूनच आहे. बर्ल्सन काउंटीतलं भूजल १४२ मैलांच्या पाइपलाइनने सॅन अँटोनिओला नेणारी व्हिस्टा रिज योजना २०२० च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. वर्षाला ५० हजार एकर-फुटांपर्यंत पाणी, म्हणजे पन्नास हजार एकरांवर फूटभर उभं राहील एवढं. आजूबाजूच्या बोअरची पातळी खाली गेली, काहींना पंप आणखी खोल उतरवावे लागले, आणि स्थानिक भूजल जिल्ह्याला त्यासाठी मदत योजना चालवावी लागली. अशा भागात विक्रेता 'गुड वॉटर' म्हणतो तेव्हा त्याला विचारा, किती फुटांवर, आणि कोणत्या साली मोजलेलं?

याचं उत्तर त्याच्या तोंडून ऐकायचीही गरज नाही. बोअर मारणाऱ्याला प्रत्येक बोअरचा अहवाल राज्याकडे द्यावा लागतो आणि टेक्सास वॉटर डेव्हलपमेंट बोर्डाच्या नकाशावर तो कुणालाही फुकट बघता येतो. आपल्याला हव्या असलेल्या तुकड्याभोवतीच्या मैलभरातले अहवाल उघडायचे. त्यात थरवार लिहिलेलं असतं: इतक्या फुटांपर्यंत वरची माती, मग चिकणमाती, मग वाळू, परत चिकणमाती, मग पाणी धरणारी वाळू. केसिंग कुठपर्यंत, स्थिर पातळी किती, मिनिटाला किती गॅलन, हेही असतं. एकाच रस्त्यावर जुन्या बोअर दोनशे फुटांच्या आणि नव्या पाचशेच्या दिसल्या, तर त्या वाटेला खर्च कसा चढत गेला ते कळतं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते न करता लोक गेटचं डिझाइन ठरवत बसतात.

आता माती. आय-३५ च्या पूर्वेला सॅन अँटोनिओपासून डॅलसपलीकडे काळ्या मातीचा पट्टा जातो, ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात तो. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला ती बघून भरून येतं आणि त्यात भावनेचाच भाग आहे असं नाही. तिथली 'ह्यूस्टन ब्लॅक' माती आणि आपली रेगूर, दोन्ही शास्त्रज्ञांच्या वर्गवारीत एकाच कुळातल्या, व्हर्टिसॉल. दोन्हींवर कापूस पिकला. दोन्ही ओल्या झाल्या की फुगतात आणि वाळल्या की भेगाळतात. ऑगस्टमध्ये त्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. कापसाला ही माती उत्तम, घराला मात्र वैरीण. पाया उचलला जातो, दारं अडकतात, भिंतीला तिरक्या चिरा पडतात. त्यावर इलाज आहे, पण तो इंजिनिअरच्या आराखड्यातून आणि जास्तीच्या सिमेंट-लोखंडातून येतो.

सेप्टिकचंही तेच. चिकणमातीत सांडपाणी मुरत नाही, तेव्हा साधी ड्रेनफील्ड मंजूर होत नाही. हवा सोडणारी एरोबिक यंत्रणा बसवावी लागते, जी शुद्ध केलेलं पाणी अंगणात फवारते आणि जिला कायमची देखभाल लागते. (आणि हो, तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायची सवय तिथे मोडावीच लागते.) थोडं आणखी पूर्वेला, ली आणि मायलमच्या रेताड भागात, पोस्ट ओकच्या झाडीत, माती दिसायला गरीब. तिथे वांगीही रुसून येतात. पण पाया स्थिर राहतो आणि सेप्टिक स्वस्तात होतं. राहायला जमीन घेत असाल तर काळ्या मातीचा मोह आवरावा. बॅस्ट्रॉपच्या पाइनच्या झाडीत शिरण्याआधी मात्र घराच्या विम्याचा आकडा मागवा. २०११ च्या सप्टेंबरात तिथल्या वणव्यात सोळाशेहून जास्त घरं जळाली, हे विमा कंपन्या विसरलेल्या नाहीत.

आणि आता अकराच का? टेक्सासच्या कायद्यात दहा एकर हा आकडा वारंवार भेटतो. मोठी जमीन तोडताना प्रत्येक तुकडा दहा एकरांहून मोठा असेल आणि नवा रस्ता काढायचा नसेल, तर काउंटीकडून प्लॉटिंग मंजूर करून घ्यावं लागत नाही. म्हणून तर जाहिरातींत '१०.०१ एकर' असे तुकडे दिसतात. घरगुती आणि गुरांसाठीची बोअर दहा एकरांहून मोठ्या जमिनीवर असेल आणि दिवसाला २५ हजार गॅलनांहून जास्त देऊ शकत नसेल, तर भूजल जिल्ह्याच्या परवान्यातून सूट. सेप्टिकच्या राज्य नियमातही दहा एकरांच्या एकटदुकट घराला सवलत आहे, जरी पुष्कळ काउंट्या स्वतःचा परवाना मागतातच.

मग येतो टॅक्स. राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून आपण खूश असतो, पण प्रॉपर्टी टॅक्स तो सगळा आनंद वसूल करतो. जमिनीला शेतीच्या उपयोगाप्रमाणे मूल्य लावून घेतलं तरच एकर परवडतात. त्यासाठी आधीच्या सात वर्षांपैकी पाच वर्षं तिथे शेती झालेली हवी, म्हणून तो इतिहास असलेलाच तुकडा घ्यावा आणि तो खंडू देऊ नये. उपयोग बदलला तर मागच्या तीन वर्षांचा फरक भरावा लागतो. किमान किती एकर हे काउंटी ठरवते आणि चराईसाठी पुष्कळदा ती दहाच्या घरात मागते. त्यातून घराभोवतीचा एकर साधारणपणे वजा होतो. दहाच एकर घेतलेला माणूस इथेच अडकतो आणि अकरावाला सुटतो.

चराई म्हणजे शेजाऱ्याची गुरं आपल्या कुंपणात. आपल्यातल्या अनेकांना गाई चरताना बघून फार बरं वाटतं. त्या दुधाच्या नाहीत, कुठे जाणार आहेत हे एकदा घरात बोलून घ्यावं, मुलं विचारतातच. नको असेल तर त्याच शेजाऱ्याला गवत कापून गठ्ठे न्यायला द्यावं. नाहीतर मधमाश्या पाळाव्यात: पाच ते वीस एकरांवर मधुमक्षिकापालन कायद्याने शेतीच धरलं जातं आणि पेट्या सांभाळणारा कंत्राटीही मिळतो.

अजून व्हिसावर असलेल्यांना दहाचा आकडा उलटा लागतो. १९७८ च्या केंद्रीय कायद्यानुसार ग्रीन कार्ड नसलेल्याने दहा एकरांहून जास्त शेतजमीन घेतली, तर ९० दिवसांत कृषी खात्याकडे एफएसए-१५३ हा फॉर्म भरावा लागतो. न भरल्यास दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. बंदी नाही, फक्त नोंद आहे, पण ही गोष्ट एजंट आपणहून सांगेल या भरवशावर राहू नये. टेक्सासच्या २०२५ च्या परदेशी खरेदीदारांवरच्या कायद्यात चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया आहेत, भारत नाही.

खनिजहक्कांबद्दल थोडक्यात: या भागात जमिनीखालचं तेल-वायू बहुधा केव्हाच दुसऱ्या कुणाच्या नावावर गेलेलं असतं आणि कायद्यात पारडं त्या खालच्या मालकाचं जड. टायटल कंपनीचे कागद येतील तेव्हा हे पान वाचायचं. विक्रेताच कर्ज देत असेल तर शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत अडकवून ठेवणारा करार करायचा नाही.

यावरचा सगळ्यात रास्त आक्षेप जमिनीचा नाहीच, अंतराचा आहे. मायलम काउंटीत कॅमेरॉन आणि रॉकडेल इथे दोन रुग्णालयं होती. २०१८ च्या डिसेंबरमध्ये दोन्ही बंद पडली. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, त्यांना गाडी चालवता येत नाही आणि छातीत दुखायला लागलं तर तासाभराची वाट. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. म्हणूनच लांबचे स्वस्त चाळीस एकर सोडून जवळचे महाग अकरा घ्यावेत असं म्हणतो. वाचलेली चाळीस मिनिटं हाच त्या जास्त भावाचा मोबदला समजावा. शिवाय नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी कुंपण, गवत, पंप बघणाऱ्या माणसाच्याने अकरा एकरच कसेबसे होतात. चाळीस घेतलेला वर्षभरात ट्रॅक्टरच्या हप्त्यात असतो.

राहिला मंडळातला आवडता बेत: 'आपण चौघं मिळून घेऊ.' सामायिक नावावर अजिबात घेऊ नये. टेक्सासात कुठलाही सहमालक कोर्टात वाटणी मागू शकतो आणि नीट वाटता येत नसेल तर सगळी जमीन विकायची पाळी येते. एकाची बदली सिअॅटलला झाली की हे घडतं, भांडण असायला लागत नाही. पण बेत टाकून द्यायचीही गरज नाही. काउंटी रस्त्याला लांबलचक तोंड असलेले चव्वेचाळीस एकर शोधावेत, सही करण्याआधीच सर्व्हेअरकडून अकरा-अकराचे चार तुकडे पाडून घ्यावेत, प्रत्येकाचं रस्त्याला स्वतःचं तोंड ठेवावं, आणि एकाच दिवशी चार स्वतंत्र खरेदीखतं करावीत. चव्वेचाळीसचा एकरी भाव अकराच्या भावाहून कमी पडतो, तेव्हा घासाघीस करायची ती इथे मनसोक्त करावी. जुनी बोअर आणि विजेचा खांब एकाच्याच तुकड्यात येणार हे उघड आहे. त्याने बाकीच्या तिघांना किती द्यायचे ते सर्व्हेच्या आधी, तुकडे कुणाचे हे ठरायच्या आधी, कागदावर घ्यावं. चिठ्ठ्या टाकल्यावर हा आकडा ठरवायला बसलात तर गणपतीपर्यंत ठरणार नाही.