फुकटच्या पन्नास दिवसांचा हिशेब

महिन्याचा सगळा खर्च क्रेडिट कार्डावर करायचा, पगार गुंतवून ठेवायचा आणि बिलाची शेवटची तारीख आली की पैसे भरून मोकळे व्हायचे. मधल्या काळात बँकेच्या पैशावर व्याज कमवायचे. हा सल्ला हल्ली रील्समधून सर्रास दिला जातो. ब्रिटनमध्ये ही युक्ती जुनी आहे आणि तिथे ती चालतेही. तिथल्या बँका नव्या ग्राहकाला वर्ष-दीड वर्ष शून्य टक्के व्याजाची कार्डे देतात. दरमहा किमान रक्कम भरली की भागते. ऑगस्ट २०२३ पासून वर्षभर बँक ऑफ इंग्लंडचा दर ५.२५ टक्के होता. तेव्हा पाच हजार पौंड वर्षभर पाच टक्क्यांनी ठेवणाऱ्याच्या हाती अडीचशे पौंड पडत. कोविडच्या काळात हाच दर ०.१ टक्क्यावर होता, तेव्हा त्यात काही राम नव्हता. म्हणजे सगळा खेळ दोन गोष्टींचा: बिनव्याजी मुदत किती लांब आणि ठेवीला दर किती. आपल्याकडे घोडे अडते ते पहिल्याच गोष्टीपाशी.

आपल्या कार्डांची बिनव्याजी मुदत जाहिरातीत ‘पन्नास दिवसांपर्यंत’ असते आणि त्यातला ‘पर्यंत’ फार महत्त्वाचा. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खरेदीला पन्नास दिवस मिळतात, बिल निघण्याच्या आदल्या दिवशी केलेल्या खरेदीला वीसच. सरासरी धरा पस्तीस. महिन्याला पन्नास हजारांचा खर्च, म्हणजे वर्षाला सहा लाख, दर वेळी पस्तीस दिवस लिक्विड फंडात सहा टक्क्यांनी राहिला, तर वर्षाकाठी सुटतात सुमारे ३,४५० रुपये, तेही प्राप्तिकराआधी. आता एका महिन्याचे बिल दहा दिवस उशिरा भरले असे समजा. अनेक कार्डांवर व्याज महिना पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के आहे आणि ते शेवटच्या तारखेपासून नव्हे, खरेदीच्या तारखेपासून लागते. पन्नास हजारांवर सरासरी पंचेचाळीस दिवसांचे व्याज होते पावणेतीन हजारांच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय उशिराचा दंड. एका चुकीत वर्षाची कमाई जाऊन वर पदरचे भरावे लागतात. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजावर घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली, तेव्हा तिकडूनही आडोसा उरलेला नाही.

नुसत्या खर्चावर एवढेच सुटते म्हटल्यावर लोकांनी रोकड काढण्याच्या वाटा शोधल्या. एटीएममधून कार्डावर पैसे काढले तर बिनव्याजी मुदत मुळात नसतेच. मग घरभाड्याच्या नावाखाली नातेवाइकाच्या खात्यात पैसे वळवणे सुरू झाले. २०२२ च्या अखेरीपासून बँकांनी एकेक करून भाड्यावर एक टक्का शुल्क लावले. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण जीएसटीसह तो १.१८ होतो आणि पुरत्या पन्नास दिवसांसाठी दिला तरी वर्षाचा दर साडेआठ टक्क्यांच्या वर जातो. सहा-साडेसहा टक्के मिळवायला साडेआठ मोजायचे, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ची गतही फार वेगळी नाही. साठ हजारांचा फोन सहा हप्त्यांत घेतला आणि उरलेली रक्कम सहा टक्क्यांनी ठेवली, तर सहा महिन्यांत हजार-अकराशे मिळतात. व्याजाइतकी सूट दुकानदार देतो, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्याच माथी येते. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सवलत हुकली तर प्रश्नच मिटला. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की ऑटोपे लावले की उशीर होण्याचा प्रश्न येतो कुठे? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. ऑटोपे लावताना ‘पूर्ण रक्कम’ आणि ‘किमान रक्कम’ असे दोन पर्याय समोर येतात. दुसऱ्यावर बोट पडले की दंड टळतो, व्याज टळत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की ऑटोपे पैसे उचलते बचत खात्यातून आणि आपण ते ठेवलेले असतात फंडात. तिथून ते खात्यात यायला साधारणपणे कामकाजाचा एक दिवस जातो, मध्ये शनिवार-रविवार आला की आणखी. निर्धास्त राहायचे तर पैसे बचत खात्यातच हवेत आणि मोठ्या बँकांत तिथला दर आहे अडीच टक्के. मग ३,४५० चे चौदाशे होतात.

दुसरा युक्तिवाद जरा चढ्या आवाजात केला जातो: बँका एवढे कमावतात, आपण त्यांच्याकडून थोडे काढले तर बिघडले कुठे? काहीच नाही. पण बँकेला हे पन्नास दिवस परवडतात ते दुकानदाराकडून मिळणाऱ्या कमिशनमुळे आणि किमान रक्कम भरून थकबाकी पुढे ढकलणाऱ्यांच्या ४५ टक्क्यांमुळे. वेळेवर पूर्ण बिल भरणाऱ्याने कार्ड जरूर वापरावे, त्याला चौदाशे रुपये मिळाले तर मिळोत. मात्र हा सल्ला ऐकून जो पहिल्यांदा कार्ड घेतो, त्याचा खर्च पूर्वीइतकाच राहील हे सगळ्या हिशेबात गृहीत धरलेले असते. महिन्याला तीनशे रुपयांची जास्तीची खरेदी झाली की सहा टक्क्यांचा नफाही संपतो. रीलखालच्या लिंकवरून कार्ड मंजूर झाले, तर लिंक देणाऱ्याचे कमिशन मात्र त्याआधीच जमा झालेले असते.