मेडिकलमधून आणलेली लस

गेल्या उन्हाळ्यात स्वारगेटच्या स्थानकावर भोरच्या गाडीची वाट बघत बसलेला एक शेतकरी आम्हाला भेटला. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बिस्किटाचे दोन पुडे, पोराची वही आणि कागदात गुंडाळलेली औषधाची छोटी बाटली. पोराला कुत्रे चावले होते. जवळच्या सरकारी दवाखान्यात "आज लस शिल्लक नाही, बाहेरून आणा" असे सांगितले, म्हणून गडी सकाळच्या गाडीने पुण्यात आला. सदाशिव पेठेतल्या औषध बाजारात लस मिळाली. दुकानदाराने सोबत बर्फाची पुडीही दिली होती. "पण पाणी सुटाया लागलं, वही भिजाया लागली, म्हणून दिली टाकून," असे तो सहज बोलून गेला. दुपारचा दीड वाजला होता. गाडी अजून फलाटाला लागायची होती.

त्याला आम्ही दोष देत नाही. त्याने दिवसाची मजुरी बुडवली, गाडीभाडे घातले, पदरचे पैसे मोजले. आपल्या हातात काय आहे एवढेच त्याला कुणी नीट सांगितले नव्हते. शेजारच्या रसवंतीतून बर्फ मागून, त्याच्याच जेवणाच्या डब्यात घालून, बाटली कागदात गुंडाळून आम्ही त्याला वाटेला लावले. पण त्याआधी ती बाटली किती वेळ उन्हात होती, कोण जाणे.

वाचकहो, आपला पुणे जिल्हा म्हणजे लशींचे माहेरघर. हडपसरला १९६६ साली सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. आज डोसांच्या संख्येने ती जगातली सर्वांत मोठी लस बनवणारी कंपनी आहे आणि रेबीजची लसही तिथे बनते. विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९५२ पासून पुण्यातच आहे. गाई-म्हशींच्या आणि कोंबड्यांच्या लशी बनवणारी सरकारी संस्था औंधला आहे. अशा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने कुत्र्याच्या लशीसाठी एसटीने शहर गाठावे, आणि परत जाताना ती लस ऊन खात जावी, ही गोष्ट काही भूषणाची नाही.

लस म्हणजे तापाच्या गोळ्यांची पट्टी नव्हे. गोळी खिशात राहिली तरी चालते. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. कारखाना, घाऊक व्यापारी, दुकान, पिशवी, दवाखाना अशी ही थंडाव्याची साखळी असते. तिची एक कडी तुटली की पुढच्या कड्या कितीही मजबूत असून उपयोग नाही. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रवरूप नत्राच्या पात्रात ठेवतात ते आपण पाहतो. पात्रातला नत्र संपला तर कांडी दिसायला तशीच राहते, पण गाय गाभण राहत नाही. लशीचेही तसेच. बिघडलेली लस रंग बदलेलच असे नाही, वास तर मारतच नाही. टोचली की दंडही दुखतो. फरक इतकाच, की गाय उलटली तर पुढच्या माजाला कळते. इथे लस वाया गेल्याचे कळेल तेव्हा फार उशीर झालेला असतो. रेबीज एकदा अंगात उठला की माणूस वाचत नाही.

रेबीजची लस भुकटीच्या रूपात असते, त्यामुळे थोडीफार उष्णता ती सोसते. म्हणून पिशवीतून आलेली प्रत्येक लस वायाच गेली असे समजून घाबरू नका. पण मे महिन्यातल्या एसटीत किती सोसली आणि किती नाही, ते बाटलीकडे बघून डॉक्टरलाही सांगता येत नाही.

उलट चूकही तितकीच होते. थंड ठेवायची म्हणून काही जण लस थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. धनुर्वाताची लस किंवा 'ब' काविळीची लस गोठली की निकामी होते. रेबीजच्या लशीसोबतचे पातळ द्रावणही गोठवायचे नसते. म्हणून बाटली कागदात किंवा फडक्यात गुंडाळावी, थर्मासमध्ये किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात बर्फासोबत पण बर्फाला न टेकता ठेवावी, आणि थेट डॉक्टरकडे जावे. वाटेत बाजार, पाहुणे, चहा नको. लगेच टोचायची नसेल तर घरच्या फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको. आणि भारनियमनात फ्रीज कितीदा बंद पडतो तेही आठवा. त्यापेक्षा ज्या दिवशी टोचायची त्याच दिवशी आणणे शहाणपणाचे.

आता दुकानाविषयी. बोलण्यात आपण 'मेडिकलमधून इंजेक्शन घेतलं' म्हणतो. घेणे म्हणजे विकत घेणे, टोचून घेणे नव्हे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून सरकारी योजनेतली फ्लूची लस औषध दुकानातला फार्मासिस्टच टोचतो, अमेरिकेतही तशी पद्धत आहे. ज्यांची मुले तिकडे आहेत ते कौतुकाने सांगतात. आपल्याकडे तशी सोय नाही. इथे फार्मासिस्टने डॉक्टरची चिठ्ठी पाहून लस द्यायची आणि डॉक्टरने किंवा त्याच्या देखरेखीखाली परिचारिकेने ती टोचायची. लस टोचल्यावर क्वचित एखाद्याला रिअॅक्शन येते, म्हणून अर्धा तास दवाखान्यात थांबवतात. दुकानाच्या मागच्या खोलीत कंपाउंडरने सुई मारली आणि माणूस कोसळला, तर तिथे करणार काय? करोनाच्या वेळी २०२१ साली खासगी रुग्णालयात कोविशील्डचा दर ७८० रुपये बांधून दिला होता. जानेवारी २०२२ मध्ये लशीला बाजाराची रीतसर मान्यता मिळाली, तेव्हाही ती औषध दुकानात मिळणार नाही असेच ठरले होते. सरकार कशाला भीत होते, ते वर लिहिलेच आहे.

सगळे दुकानदार वाईट, असे आमचे म्हणणे नाही. रात्री-अपरात्री शटर उघडून लस देणारे, पैसे कमी असले तर "उद्या द्या" म्हणणारे दुकानदार आम्हाला माहीत आहेत. पण गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवावेत. लस फ्रीजमधून तुमच्यासमोर काढली का? त्या फ्रीजमध्ये थंड पेयांच्या बाटल्या कोंबल्या आहेत का? सील शाबूत आहे का, मुदत कधी संपते, छापील किंमत काय? आणि पक्के बिल घ्याच, बॅच नंबर लिहिलेले. बिलाशिवाय दहा-वीस रुपये सुटतील, पण पुढे तक्रार कशाच्या आधारावर करणार? रेबीजच्या लशीच्या बनावट बाटल्या बाजारात सापडल्याचे २०२५ साली देशभर गाजले होते. संशय आला तर बाटली फेकू नका. बिलासह अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करा.

मात्र दुकानाची पायरी चढण्याआधी दोन कामे आहेत. कुत्रे, मांजर, माकड चावले किंवा ओरबाडले, तर आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, तिखट काही भरू नका. मांत्रिकाकडे तर नकोच. दुसरे काम म्हणजे त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठणे. तिथे लस फुकट आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सर्वच उपचार मोफत झाले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस नसेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारा. पुण्यात यायचेच झाले तर औंधचे जिल्हा रुग्णालय आहे, ससून आहे. औषध बाजार त्यानंतर.

रक्त निघाले असेल, जखम खोल असेल, तर नुसती लस पुरत नाही. जखमेत आणि जखमेच्या भोवती सीरम टोचावे लागते. लस अंगात ताकद तयार करते, पण त्याला दिवस लागतात. सीरम आयती ताकद देते. ते महाग असते म्हणून लोक टाळतात, आणि दगावतात ते पुष्कळदा यातलेच. सीरम पहिल्या लशीबरोबरच घ्यायचे. राहिले असेल तर पहिल्या लशीपासून सात दिवसांच्या आत. त्यानंतर त्याचा उपयोग नाही.

जुनी माणसे अजूनही पोटातल्या चौदा इंजेक्शनांना घाबरतात. ती लस आपल्या देशात २००४ अखेर बंद झाली. आता बहुतेक सरकारी दवाखान्यांत कातडीत थोडी थोडी लस दोन जागी देतात. पहिल्या दिवसाला शून्य धरून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस, अशा चार खेपा. खासगीत पूर्ण बाटली दंडात देतात, त्यात चौदावा दिवसही असतो, म्हणजे पाच खेपा. घोटाळा होतो तो शेवटच्या खेपांना. जखम भरलेली असते, ऊसतोड आलेली असते, "आता कशाला" म्हणून राहून जाते. ऊसतोडणीला निघालेल्या कुटुंबांनी कार्ड सोबत ठेवावे. पुढची सुई कोणत्याही सरकारी दवाखान्यात घेता येते.

जाता जाता दुधाचे. पिसाळलेल्या म्हशीचे दूध प्यायलो म्हणून गावेच्या गावे रांगा लावून इंजेक्शने घेतात, अशा बातम्या अधूनमधून येतात. दूध तापवून प्यायले असेल तर भिण्याचे कारण नाही. म्हशीच्या तोंडात हात घालून औषध पाजले असेल, हाताला जखम असेल, तर मात्र दवाखाना गाठा. त्या भीतीच्या रांगेत गावातला साठा संपतो, आणि खरोखर चावा घेतलेले पोर पुण्याच्या एसटीत बसते.

आता सरपंच आणि ग्रामसेवकांशी दोन शब्द. (ग्रामसेवकांचे पद आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले आहे. पाटी बदलली, लोकांची हाक बदललेली नाही.) आरोग्य केंद्रात लशीचा फ्रीज असतो, त्याचे तापमान दिवसातून दोनदा नोंदवायचे असते. ती वही बघायला मागा. रेबीजची लस, सीरम आणि साप-विंचवावरची औषधे आज किती शिल्लक आहेत, हे दर्शनी फळ्यावर खडूने लिहायला खर्च काहीच नाही. साठा संपण्याच्या आधी मागणी जायला हवी. संपल्यावर गेलेली मागणी त्या दिवशीच्या रुग्णाच्या कामाची नसते. रुग्ण कल्याण समितीवर तुमचा माणूस बसतो, त्याने निकडीच्या खरेदीचा विषय तिथे काढावा. आणि लस खरोखरच नसेल, तर "बाहेरून आणा" एवढे बोलून रुग्णाला परत पाठवू नये. शेजारच्या कोणत्या रुग्णालयात आहे ते फोन करून विचारावे आणि चिठ्ठीवर लिहून द्यावे.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. गेल्या वर्षभरात आपल्या केंद्रात किती दिवस रेबीजची लस नव्हती, एवढेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.