भरलं म्हणजे पुसलं, असं नाही!

सोमवारची सकाळ. मीटिंग रंगात आलेली, बॉस स्लाइडवरचं वाक्य न् वाक्य वाचून दाखवतोय आणि टेबलावरचा फोन थरथरतो. तुमच्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली आहे, अमुक इतका दंड... झालं! शनिवारच्या लोणावळा ट्रिपचं खरं बिल आत्ता आलं.

पुढचा सीन सगळ्या ऑफिसांमधे सेम असतो. लंच टेबलवर तीन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, 'भरून टाक रे ताबडतोब, कटकट नको.' दुसरी म्हणते, 'येडा आहेस का? थांब, लोकअदालतीत अर्ध्यावर मिटतं.' आणि तिसऱ्या पार्टीत एकच सिनिअर असतो, ज्याचा आरटीओत कुणीतरी 'आपला माणूस' असतो. हा आपला माणूस गेल्या दहा वर्षांत कुणीही पाहिलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

यात एक साधा प्रश्न राहून जातो. हे चलान नक्की कुणाच्या नावावर लागलं? तुमच्या, की गाडीच्या? आणि पैसे भरले की ते पुसलं जातं का?

'रेकॉर्ड क्लीन ठेवणं' हा फंडा आपल्याकडे आला तो बराचसा अमेरिकेला गेलेल्या मित्रांच्या गप्पांमधून. तिकडे तो अगदी रोखठोक आहे. न्यू जर्सीचंच घ्या, जिथे आपल्या ओळखीचं निदान एक तरी मराठी घर असतंच. तिथे वेगमर्यादेपेक्षा १४ मैलांपर्यंत जास्त गेलात तर लायसन्सवर २ पॉइंट, १५ ते २९ मैलांना ४, त्यापुढे ५. १२ पॉइंट झाले की लायसन्स सस्पेंड. इन्शुरन्स कंपनीही हे रेकॉर्ड बघते, म्हणून तिकीट हातात पडलं की माणसं आधी वकिलाला फोन करतात. वकील कोर्टात बोलणी करून आरोप बिनपॉइंटच्या कलमावर उतरवता येतो का ते बघतो. डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला तर २ पॉइंट कमी होतात. थोडक्यात, तिकडे हिशोब माणसाचा.

आपल्याकडे हिशोब दोन वह्यांमधे आहे. गाड्यांची वही म्हणजे 'वाहन' आणि लायसन्सची वही म्हणजे 'सारथी'. कॅमेऱ्याला तुमचा चेहरा ओळखता येत नाही, त्याला फक्त नंबर प्लेट वाचता येते. त्यामुळे कॅमेऱ्याचं चलान जातं गाडीच्या वहीत, म्हणजे आरसी बुकावर ज्याचं नाव त्याच्या गळ्यात. पण रस्त्यावर मामांनी शिट्टी मारून तुम्हाला बाजूला घेतलं आणि लायसन्स मागितलं, की मामला थेट तुमच्या वहीत शिरतो. वेगाच्या केसमधे लायसन्स जप्त करून ते निलंबनासाठी आरटीओकडे पाठवायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ मधे आहे. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मधेच राज्यांना सांगितलं होतं, की अशा गुन्ह्यांत लायसन्स किमान ३ महिने निलंबित करा. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर असं निलंबित झालेल्या चालकाला रिफ्रेशर ट्रेनिंगही करावं लागतं. म्हणजे पुन्हा शाळा!

आता कलम १८३. वेगाचं मुख्य कलम हेच. मोटारीसाठी दंड १ हजार ते २ हजार. ही ओळ सगळ्यांना पाठ असते. त्याखालची ओळ कुणी वाचत नाही. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर तोच गुन्हा केला, तर लायसन्स जप्त. लगेच तुम्ही म्हणाल, 'पण पहिल्या वेळचा दंड मी भरला होता ना, मग तो विषय संपला!' नाही संपला, राव. कलम २०० मधे २०१९ साली एक वाक्य घातलं गेलंय. दंड भरून तडजोड केली तरी, पुढचा गुन्हा दुसरा की पहिला हे ठरवताना तो मागचा गुन्हा मोजला जाणार. शिवाय लायसन्स जप्तीच्या कारवाईतून किंवा रिफ्रेशर कोर्समधून सुटका नाही ती नाहीच. दंड भरल्यावर थकबाकी शून्य होते. मोजणी शून्य होत नाही.

म्हणून 'कटकट नको, भरून टाक' हा सल्ला मला पटत नाही. चूक तुमची असेल तर जरूर भरा, लगेच भरा. पण आधी ती चूक तुमची आहे ना, ते तरी बघाल की नाही?

माझ्या मावशीची गोष्ट सांगते. मावशीच्या नावावर ओव्हरस्पीडिंगची सात चलानं होती. मावशीला सायकलसुद्धा येत नाही. मावसभावाच्या डोक्यावर आधीच फ्लॅटचं कर्ज, म्हणून गाडी घेतली आईच्या नावावर. चालवायचा तो, त्याचे मित्र आणि अधूनमधून त्याचा मेहुणा. मेसेज जायचे मावशीच्या फोनवर, आणि मावशी गुड मॉर्निंगचे गुलाब सोडून कुठलाही मेसेज उघडत नाही. गाडी विकायला काढली तेव्हा सेकंडहँडवाल्याने नंबर टाकून थकबाकी काढली आणि मोबाइलची स्क्रीन आमच्यासमोर धरली. सात गुणिले दोन हजार. चौदा हजार किमतीतून कापतो म्हणाला, वर 'आंटी, गाडी जरा सावकाश चालवा' हेही ऐकवलं! मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, आयुष्यात कधी लाल शेरा नाही.

मी म्हटलं, पैसे द्यायच्या आधी सातही चलानं उघडून बघू. दोन तास लागले. सहा फोटोंत गाडी आपलीच होती. सातव्यात नंबर आपला, पण गाडी दुसऱ्याच कंपनीची आणि रंगही वेगळा. शहर असं, की जिथे आमच्यापैकी कुणी गेलेलंच नाही. कुणीतरी आपला नंबर लावून फिरत होतं. त्या दिवशीचं फास्टॅगचं स्टेटमेंट काढलं, तर त्याच दुपारी आपली गाडी भलत्याच दिशेच्या टोलनाक्यावर. फोटो, आरसी, स्टेटमेंट असं सगळं जोडून वाहतूक पोलिसांच्या ऑनलाइन तक्रारीत टाकलं. तीनेक आठवड्यांनी चलान रद्द. नंबरचोरीची लेखी तक्रार पोलीस ठाण्यातही दिली, आणि ती दंडापेक्षा जास्त गरजेची होती. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं असतं तर पोलीस कुणाचं दार वाजवणार होते?

राहिली सहा. पाच मावसभावाने मुकाट्याने भरली. सहावं मेहुण्याचं की ह्याचं, यावर अजून वाद चालू आहे. कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं ते सांगणं मालकाचं काम आहे. म्हणजे उत्तर द्यायचं होतं मावशीला, आणि ती म्हणाली, 'मला काय माहीत, मी तर कीर्तनाला गेले होते.'

तर चलान आलं की पहिलं काम, फोटो मोठा करून बघा. नंबरमधला 3 खरंच 3 आहे की 8? गाडी तुमचीच का? जागा, तारीख, वेळ, मोजलेला वेग आणि तिथली मर्यादा, एवढं तपासा. फोटोत दोन गाड्या शेजारी असतील तर जास्तच बारकाईने बघा. लेझर गन एकाच गाडीवर नेम धरते, रडारचा झोत मात्र पसरतो. 'इथे कॅमेरा आहे' असा बोर्ड आधी लावावा, यंत्राला मान्यतेचं सर्टिफिकेट असावं आणि ते दरवर्षी नवं करावं, हे ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय नियमांत आलेलं आहे. आक्षेप घ्यायचा तर अशा मुद्द्यांवर घ्या. 'सगळेच पळवत होते' हा मुद्दा नाही. 'घाई होती' हा तर अजिबातच नाही. आणि आक्षेप मुदतीत घ्या. मुदत चलानाच्या नोटिशीवरच वाचा, ऑफिसातल्या मित्राला विचारू नका.

पुरावा म्हणून काय चालतं? फास्टॅग, सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड, सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर, ऑफिसच्या पार्किंगची एंट्री. 'मी त्या दिवशी घरी होतो' यापेक्षा वॉचमनकाकांची सही जड असते.

आता लोकअदालत. काही वेळा तिथे खरंच सवलत मिळते, नाकारत नाही. पण ती मिळेलच याची गॅरंटी कुणी देत नाही आणि तिथे मिटलेल्या प्रकरणावर अपील नसतं. माझा आक्षेप वेगळाच आहे. चलान बरोबर असेल तर सहा महिने वाट बघून हजार रुपये वाचवायचे आणि दरम्यान गाडी विकायचा किंवा ट्रान्सफरचा प्रसंग आला की अडकून बसायचं, हा कसला सौदा? आणि चलान चुकीचं असेल तर अर्धे तरी का भरायचे?

आणि हो, मेसेज आला की आधी तो खरा आहे का ते बघा. साध्या दहा आकडी नंबरवरून व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल येते, टॅप केलं की फोनमधे अॅप बसतं आणि बँकेचे ओटीपी परस्पर उडतात. खरं चलान अॅपची फाइल म्हणून कधीच येत नाही. मेसेजमधल्या लिंकला हात न लावता, स्वतः सरकारी साइट उघडून गाडीचा नंबर टाकायचा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' हवंच. तिथे काही दिसत नसेल तर तो मेसेज डिलीट करून चहा प्या.

कॅमेऱ्याला चकवायच्या आयडिया तुमच्याकडेही असतीलच. मॅपवर कॅमेरा दिसला की ब्रेक, कॅमेरा गेला की पुन्हा बुंगाट. ही आयडिया मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जुनी झाली. जुलै २०२४ मधे तिथे जी नवी यंत्रणा सुरू झाली, तिच्यात सरासरी वेगही मोजतात. या कमानीखालून किती वाजता गेलात, त्या कमानीखाली किती वाजता उगवलात, मधलं अंतर भागिले वेळ. पाचवीतलं गणित! कॅमेऱ्यापुढे शंभर मीटर सज्जन होऊन काही उपयोग नाही. (मधे थांबून वडापाव खाल्लात तर सरासरी सुधारते, हा भाग अलाहिदा.) नंबर प्लेटवर चिखल, स्टिकर, फॅन्सी अक्षरं असले प्रकार तर करूच नका. तो वेगळा गुन्हा आहे, आणि मुद्दाम केलेला आहे हे लगेच कळतं.

आणि एवढं करून मिळतं काय? एक्सप्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. सपाट भागात कारला मर्यादा शंभरची, घाटात बरीच कमी. समजा घाट नाहीच, ट्रक नाहीत, टोलला रांग नाही, अख्खा रस्ता एका वेगाने पार केलात. शंभरने ५७ मिनिटं लागतात, एकशेवीसने ४७. वाचली दहा मिनिटं. ती पुढे वाकडच्या सिग्नलला किंवा चेंबूरच्या ट्रॅफिकमधे कशी जातात हे मी तुम्हाला सांगायला नको.

एक काम मात्र आज लंचटाइममधे उरका. 'वाहन'च्या साइटवर आपल्या गाडीपुढे कोणता मोबाइल नंबर आहे ते बघा. बऱ्याच वेळा तिथे शोरूमच्या एजंटचा नाहीतर आपला तीन कंपन्यांपूर्वीचा नंबर असतो, चलानं तिकडे जात राहतात आणि आपण खुशीत. नंबर बदलायला चेसिस आणि इंजिन नंबर लागतो, तो आरसीवर छापलेला असतो. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर तिला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे ना, तेही बघून घ्या. नंबरचोरांसाठी साधी प्लेट म्हणजे उघडं दारच. आणि गावाला वडिलांच्या नावावर जी जुनी स्कूटर आहे, जी हल्ली चुलतभाऊ पळवतो, तिचाही नंबर टाकून बघा.