घरचा खाऊ कोणाचा?

मकरसंक्रांत जवळ आली की दौंडच्या बाजारपेठेला निराळीच कळा येते. भीमेवरून येणारा पहाटेचा वारा बोचरा असतो. तालुक्यातील गुऱ्हाळांच्या चिमण्या धूर ओकीत असतात, आणि वाण्याच्या दुकानापुढे गुळाच्या ढेपा व शेंगदाण्यांची पोती येऊन पडतात. त्याच दुकानात, थोड्या उंचावरच्या फळीवर, रंगीत कागदात गुंडाळलेली चॉकलेटे, चिक्कीची पाकिटे आणि तयार लाडवांचे डबेही मांडलेले असतात. खाली ढेप, वर डबा! दुकानात शिरणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे त्या वेळी एक प्रश्न उभा राहतो : सणाचा खाऊ विकत न्यावा की घरी करावा?

हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. त्यात पैशाचा विचार आहे, आरोग्याचा आहे. परंतु त्याहूनही मोठा असा एक विचार आहे, आणि तो आहे श्रमाचा व न्यायाचा. त्याच्याकडे बहुधा कोणाचे लक्ष जात नाही.

प्रथम घरच्या खाऊच्या बाजूने काय सांगता येईल ते पाहू गेले तर पहिली गोष्ट अशी, की जो पदार्थ माणूस स्वतः करतो, तो त्याला खऱ्या अर्थाने कळतो. शेंगदाण्याचेच उदाहरण घ्यावे. भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीवर फुलते. पण त्याच्यापासून निघणारी आरी खाली वळून मातीत शिरते आणि तेथे अंधारात शेंग भरते. या झाडाच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र जमिनीला मिळवून देतात. शेंगदाण्यात सुमारे चौथा हिस्सा प्रथिने आणि जवळजवळ निम्मे तेल असते. म्हणूनच मूठभर दाणे आणि गुळाचा खडा एवढ्यावर शेतकरी अर्धा दिवस काढू शकतो. पाकिटातील वडी तोंडात टाकणाऱ्याला यांपैकी काहीच ठाऊक होत नाही.

दाणे निवडण्याचे कामही असेच शिकविणारे आहे. काळपट, सुरकुतलेला किंवा बुरशी आलेला दाणा बाजूला काढावा, असे घरातील वडीलधारी माणसे पूर्वीपासून सांगत आली आहेत. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता असे आढळले, की त्यांच्या खाद्यात बुरशी धरलेल्या भुईमुगाची पेंड होती व त्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण केले होते. आजीच्या सुपात जे ज्ञान होते, त्याला अशा रीतीने शास्त्राचीही साक्ष मिळाली!

गुळाचेही तसेच. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी दौंड तालुक्याला मिळाले, तेथे ऊस वाढला आणि उसाबरोबर गुऱ्हाळे आली. मोठ्या काहिलीत रस उकळतो, वर येणारी मळी झाऱ्याने काढली जाते, रस दाट होत जातो आणि शेवटी त्याचा गूळ होतो. तो पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी त्यात रासायनिक भुकटी मिसळतात. ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे, त्याला किंचित काळसर ढेपेचे मोल समजते. ज्याने पाहिले नाही, तो रंगाला भुलतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावे. दाणे मंद आचेवर, सतत हलवीत भाजावे लागतात. आच मोठी झाली की वरून करपतात आणि आतून कच्चे राहतात. गार झाल्यावर ते चोळून सुपात पाखडले की साले उडून जातात. मग खलबत्त्यात दोन वाट्या दाण्यांचा कूट आणि एक वाटी चिरलेला गूळ एकत्र कुटला, की दाण्यांतील तेल सुटू लागते आणि त्या तेलानेच लाडू वळले जातात. त्याला ना पाक लागतो, ना वरून तूप. चिक्कीला मात्र पाक हवा. उकळत्या गुळाचा थेंब पाण्यात टाकावा; तो कडक होऊन भांड्यावर आपटताच टणकन वाजला, की पाक झाला. तो क्षण चुकला तर चिक्की दाताला चिकटते, आणि पुढे गेला तर कडू होते. धीर, लक्ष आणि वेळेचे भान हे गुण ज्या शाळेत शिकविले जातात, तिचे नाव स्वयंपाकघर.

अलीकडे कित्येक घरांत मुले या लाडवांना एक नवे रूप देतात. दाणे अगदी लोण्यासारखे मऊ वाटून त्यांच्या घट्ट गोळ्या करावयाच्या, आणि त्या वितळलेल्या चॉकलेटात बुडवून थंड होऊ द्यावयाच्या. चॉकलेट गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवितात. त्यात पाण्याचा एक थेंब जरी पडला, तरी साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात व सारे चॉकलेट दाणेदार होऊन बसते. पौषातील थंडीत या गोळ्या ताटात आपोआप घट्ट होतात. हे पाहून काही मंडळी नाक मुरडतात. ‘हे आपले नव्हे, परक्यांचे आहे,’ असे त्यांचे म्हणणे असते. पण हा आक्षेप टिकणारा नाही. भुईमूग तरी मूळचा कोठला? कोकोचे झाड जसे दक्षिण अमेरिकेचे, तसाच भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच. नंतर तो समुद्रमार्गे भारतात आला, आणि पुढे इतका घरचा झाला की उपासाच्या ताटातही जाऊन बसला. तेव्हा खाऊ देशी की परदेशी, हा खरा प्रश्न नव्हे.

अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर नावाचे थोर कृषिशास्त्रज्ञ होऊन गेले. गुलामगिरीत जन्मलेल्या या पुरुषाने १९१६ मध्ये भुईमुगावर एक पुस्तिका लिहिली व तीत दाण्यांचे १०५ पदार्थ सांगितले. दाण्यांचे लोणी त्यांनीच शोधून काढले असा पुष्कळांचा समज आहे, पण तो बरोबर नाही. ते त्यांच्या आधीही होत असे. कार्व्हर यांचे मोठेपण निराळ्या गोष्टीत आहे. कापसाने जमिनीचा कस गेलेल्या गरीब शेतकऱ्यांनी भुईमूग पिकवावा आणि त्याचे पौष्टिक पदार्थ घरच्या घरी करून खावेत, यासाठी त्यांनी आपली विद्या वेचली. घरच्या खाऊचा याहून चांगला कैवारी कोठे मिळणार?

येथवर सर्व काही घरच्या खाऊच्या बाजूचे झाले. परंतु खरी परीक्षा पुढेच आहे. ‘बाजारच्या लाडवाला घरची चव नाही,’ हे वाक्य पुष्कळ घरांत मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. ते उच्चारणारा बहुधा ताटावर बसलेला असतो. आणि ज्या हातांनी ती चव निर्माण केली, ते हात त्या वेळी चुलीपाशी असतात. दिवसभराचे काम उरकून, रात्री सारे घर झोपल्यावर, एकट्या आईने दाणे भाजावेत, कुटावेत, लाडू वळावेत. आणि सकाळी मुलांनी डबा उघडून म्हणावे, ‘यंदा थोडेच केलेस!’ अशा घरात जो खाऊ होतो, तो घरचा कसला? तो एकटीचा! त्याला घरचा म्हणणे ही त्या माउलीच्या श्रमांची चोरीच होय.

म्हणून जो घरच्या खाऊचा आग्रह धरतो, त्याने आधी बाह्या सावरून सूप हाती घेतले पाहिजे. हे काम मुलींचे, असे म्हणून मुलग्यांनी अंगणात खेळावयास पळून जाणे हे केवळ आळसाचे नव्हे, तर अन्यायाचे लक्षण आहे. सोलणे, पाखडणे, कुटणे, वळणे यांपैकी कोणत्याही कामाला मुलगा किंवा मुलगी असण्याची अट नाही. उकळता पाक आणि पेटती शेगडी मोठ्यांनी सांभाळावी. बाकीचे पुष्कळ काम अकरा वर्षांच्या हातांना सहज झेपते. भांडी घासण्याचे कामही त्यातच आले, हे विसरून चालणार नाही.

याचा अर्थ विकतचा खाऊ कमी प्रतीचा, असा मुळीच नाही. १८७८ मध्ये मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हापासून दौंड हे जंक्शन आहे. रेल्वेच्या नोकरीत रात्रपाळी करणारी माणसे तेथे घरोघर आढळतात. ज्या घरात सणाच्या दिवशीही कोणाला कामावर जावे लागते, त्या घराने दोन पाकिटे विकत आणली तर त्यात कमीपणा कसला? शिवाय विकतचा खाऊही कोणाच्या तरी हातांनीच होतो. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. त्यातूनच ‘लिज्जत पापड’ हा मोठा उद्योग उभा राहिला. स्वयंपाकघरातील जे कौशल्य घरात फुकट व गृहीत धरले जात होते, त्याला तेथे मोबदला मिळाला आणि मानही मिळाला. बाजाराने जे मोल ओळखले, ते घराने ओळखू नये, ही लाजिरवाणी गोष्ट होय.

तेव्हा थोडे करावे, पण सर्वांनी मिळून करावे. एकीने रात्रभर राबून केलेल्या पाच किलो लाडवांपेक्षा चौघांनी दुपारी बसून केलेले अर्धा किलो लाडू अधिक गोड मानले पाहिजेत. त्यातला एखादा वाकडा होईल, एखादा फुटेल. बिघडलेला लाडू करणाऱ्याने खावा, उत्तम लाडू शेजाऱ्याला द्यावा. काही जणांच्या प्रकृतीला शेंगदाणा मुळीच सोसत नाही. म्हणून देण्यापूर्वी तेवढे विचारण्याचे अगत्यही असावे.

संक्रांतीच्या दिवशी पाहुणा घरी येतो, लाडू तोंडात टाकतो आणि विचारतो, ‘छान झाले आहेत, कोणी केले?’ त्या वेळी मुले आईकडे बोट दाखवितात, ‘दुकानातून आणले’ असे म्हणतात, की ‘आम्ही सर्वांनी केले’ असे उत्तर देतात? पहिल्या उत्तरात केवळ कौतुक आहे, दुसऱ्यात प्रामाणिकपणा आहे. पण तिसरे उत्तर ज्या घरातून येते, तेथील खाऊच खरोखर घरचा होय.