फोटो मागता? विहीर बघा, स्मशान बघा!



वनहक्काचा दावा टाकला की म्हणतात, "जुना कागद, जुना फोटो आणा." आम्ही विचारतो, तेव्हा कॅमेरा कुणाच्या हातात होता? इंग्रजांनी १८६८ ते १८७५ मध्ये 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड फोटोंसकट छापले. त्यात माणसं जमातीचा नमुना म्हणून उभी केली, जमिनीचे धनी म्हणून नाही. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १८७८ च्या वनकायद्यानं जंगल सरकारी केलं. आपली वाशी निजामाच्या मुलखात होती; पण माळाला पडीक अन् पारध्याला चोर म्हणायची ती नजर इथंही आली, अजून गेली नाही.

आता त्यांचंच दप्तर आम्हाला पुरावा मागतं!

२००६ च्या वनहक्क कायद्याचा नियम १३ वाचा. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, विहीर, बांध, स्मशान, देवाचं ठाणं, हे सगळे पुरावेच आहेत. एकाहून जास्त जोडा. २०१२ च्या दुरुस्तीनुसार उपग्रहाचा फोटो नुसता जोडपुरावा. तो बाकीच्या पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही.

फोटो नाही म्हणून कुणी परत फिरू नका. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, ६० दिवसांत अपील टाका.

जमीन आमच्या हक्काची!