‘मानवतावादी’ हे विशेषण आता पुरे

रस्त्यावरच्या माणसाचे छायाचित्र दिसले की आपले समीक्षक त्याला तत्काळ ‘मानवतावादी’ ठरवून मोकळे होतात. हे विशेषण आले ते मुख्यतः विसाव्या शतकाच्या मध्यावरील फ्रेंच छायाचित्रणातून. रोबेर द्वानो (१९१२-१९९४) हा त्यातला अग्रणी. रेनॉच्या मोटार कारखान्यात नोकरी केलेल्या द्वानोने पॅरिसच्या उपनगरांतील मुले आणि कष्टकरी जिव्हाळ्याने टिपले. त्याच्या १९५०च्या विख्यात चुंबनचित्रातील जोडपे त्याने ठरवून उभे केले होते, हे पुढे त्यानेच मान्य केले. चित्राचे त्यात काही बिघडत नाही. कारण तिथे कोणतेही दोन प्रेमी चालले असते. या परंपरेतला माणूस ‘कोणीही’ असतो. हेच तिचे बळ आणि हीच तिची मर्यादा.

अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. गटारात उतरलेला, कचऱ्याच्या ढिगात उभा असलेला हा कामगार ‘कोणीही’ नाही. तो तिथे का आहे, याचे उत्तर त्याच्या जन्मजातीत आहे. या चित्रांना नुसते ‘मानवतावादी’ म्हणणे म्हणजे गौरवाच्या मिषाने जात पुसून टाकणे होय.

कोणी म्हणेल, मानवतेत सगळेच आले. आले खरे, पण ही सर्वसमावेशक करुणा पाहणाऱ्याला काहीच विचारत नाही. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही माणसे गटारात गुदमरून मरत आहेत. आपण मात्र चौकटीतल्या छायाप्रकाशावर बोलतो.

मराठीच्या अध्यापकांना हा डाव अपरिचित नसावा. दलित साहित्यापुढे ‘वैश्विकते’चा निकष असाच ठेवला गेला होता. त्या साहित्याला स्वतंत्र सौंदर्यशास्त्र हवे, असे शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली ग्रंथरूपाने मांडले. तो ग्रंथ आपण वर्गात शिकवतो आणि छायाचित्रापुढे आलो की विसरतो!

आमच्या गोंदिया जिल्ह्यात सारस टिपायला दुरून कॅमेरे येतात. जरूर यावेत. पण पहाटे गाव झाडणाऱ्यांकडे कॅमेरा वळेल तेव्हा निदान आमच्या विद्यार्थ्यांनी विचारावे: या चौकटीत हाच माणूस का? त्यासाठी एम.ए.च्या वर्गात बाबुराव बागुलांच्या कथांशेजारी ओलवे यांची छायाचित्रे ठेवावी लागतील. पुरस्कारांनी ते काम होत नाही. पद्मश्री त्यांना २०१६ सालीच मिळाली आहे.