चार वेडे हवेतच!

मोबाइलच्या जमान्यात हॅम रेडिओ कशाला, असे कुणी विचारले की मी मास्तरकीच्या सवयीने नकाशात ऑस्ट्रेलिया दाखवतो. क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, माणसे पावणेतीन कोटींच्या आसपास. मोबाइलची रेंज जवळजवळ सगळ्या वस्तीला मिळते, पण जमिनीच्या जेमतेम एक तृतीयांश भागावर. सरळ हिशेब आहे: गिऱ्हाईक नाही तिथे टॉवर नाही.

हॅम मंडळींच्या लघुलहरींना टॉवर लागतच नाही. आयनांबरावरून परतून त्या हजारो किलोमीटरवर उतरतात. एक संच, एक तार, एक बॅटरी, बस्स!

'पोरखेळ' म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावे. आल्फ्रेड ट्रेगर पेशाने अभियंता, पण रेडिओची हौस दांडगी, हौशी परवानाही होता. पायाने पेडल मारून चालणारा त्याचा रेडिओ १९२९ पासून आडरानातल्या घरांत पोचला आणि फ्लाइंग डॉक्टरला हाक मारता येऊ लागली. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला रेडिओवरची शाळा सुरू झाली. १९७४ च्या नाताळात 'ट्रेसी' वादळाने डार्विन उद्ध्वस्त केले, तेव्हा हौशींनीच निरोप पोचवले.

आता म्हणाल, उपग्रह आहेत की! आहेत ना. पण उपग्रह दुसऱ्याचा आणि बिल आपले. बिघडला तर आपण नुसते आभाळाकडे बघायचे. हॅम मात्र परीक्षा देऊन आलेला असतो. संच उघडून दुरुस्तीला बसतो. वापरणे वेगळे आणि जाणणे वेगळे, मंडळी. शेजार कित्येक कोसांवर असेल, तर जाणणारे चार वेडे हवेतच.

बघा पटतंय का.